नाशिकच्या द्राक्षांचा घरगुती जॅम का फसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चच्या अखेरीस दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या बागेत खुडा आटोपला आणि घडांपासून सुटलेल्या मण्यांचे एक क्रेट आमच्या घरी आले. मणी टपोरे आणि गोड होते, परंतु देठापासून सुटल्यामुळे ते फार दिवस टिकणार नव्हते, म्हणून त्यांचा जॅम करण्याचे मी ठरवले. पहिली खेप आळली नाही. ती पुन्हा शिजवल्यावर बरणीत दगडासारखी बसली. दुसऱ्या खेपेत काचेच्या चुऱ्यासारखे खडे निघाले. तिसरी खेप मनासारखी झाली. पहिल्या दोन खेपांच्या बरण्या मी शेजारी आणि नात्यात आधीच वाटून टाकल्या होत्या, त्यामुळे प्रश्नही पुष्कळ आले. त्यांतले पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

पहिल्या खेपेत नेमके काय केले होते?

थॉमसन सीडलेस जातीचे २ किलो मणी धुऊन, कुस्करून, दीड किलो साखर आणि एका लिंबाचा रस घालून स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात शिजायला ठेवले. कृती एका परदेशी पाकपुस्तकातली होती. त्यात मिश्रण १०५ अंश सेल्सिअसला पोहोचले की गॅस बंद करावा, असे स्पष्ट लिहिले होते. माझ्याकडे नवा डिजिटल थर्मामीटर होता, त्यामुळे मी मिश्रणाकडे कमी आणि आकड्याकडे जास्त पाहिले. आकडा १०२ अंशांपर्यंत बऱ्यापैकी लवकर गेला आणि त्यानंतर अतिशय हळू वाढू लागला. तरीही १०५ येईपर्यंत मी ढवळत राहिले. तोवर रंग सोनेरीवरून तपकिरी झाला होता आणि द्राक्षाचा ताजा वास जाऊन नुसत्या पाकाचा वास येऊ लागला होता. थंड झाल्यावर बरणीत जो पदार्थ होता तो मधासारखा वाहत होता, चमच्याला धरून ताणला की त्याची तार निघत होती, आणि पोळीवर पसरला की कडेने ओघळत होता.

इतका वेळ शिजवूनही जॅम आळला का नाही?

कारण जॅम आटवून आळत नाही. बासुंदी आटवली की दाट होते, म्हणून आपल्याला वाटते की जॅमचेही तसेच असेल. मीही तेच गृहीत धरले होते. वास्तविक जॅम आळण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात: फळातले पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. पेक्टिन हा वनस्पतींच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पदार्थ आहे. शिजवताना तो फळातून सुटून रसात येतो. त्याचे लांब रेणू पाण्यात मोकळे असताना एकमेकांना दूर लोटतात. आंबटपणामुळे हे लोटणे कमी होते, साखर भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून घेते, आणि मग ते रेणू एकमेकांत गुंतून त्यांचे जाळे तयार होते. त्या जाळ्यात रस अडकून राहतो, त्यालाच आपण जॅम आळला असे म्हणतो. साधारणपणे एकूण वजनाच्या ६५ टक्क्यांच्या आसपास साखर आणि ३च्या जवळपास सामू (आंबटपणाचे माप, पीएच) असेल तर हे जाळे चांगले बनते.

माझ्या पातेल्यात साखर भरपूर होती. आंबटपणा कमी होता, कारण पूर्ण पिकलेले थॉमसन फारसे आंबट नसते आणि २ किलोला एक लिंबू अगदीच अपुरे होते. पेक्टिन तर जवळजवळ नव्हतेच. फळ जितके पिकते तितके त्यातले पेक्टिन विरघळून तुटत जाते, आणि माझे मणी खुड्याच्या शेवटी उरलेले, सर्वाधिक पिकलेले होते. त्यातून जे थोडे पेक्टिन निघाले असेल तेही आंबट मिश्रणात बराच वेळ उकळत राहिल्यामुळे तुटले. साखर सुरुवातीलाच घालून दीर्घकाळ शिजवण्याचा हा तोटा आहे.

मग परदेशी कृतीत लिंबाशिवाय किंवा थोड्याशा लिंबावर द्राक्षाचा जॅम कसा होतो?

त्या कृतीतले द्राक्ष वेगळे आहे. अमेरिकेत जॅम आणि जेलीसाठी प्रामुख्याने कॉनकॉर्ड जातीचे द्राक्ष वापरतात. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावात इफ्रेम बुल यांनी १८४९ मध्ये ही जात निवडली. तिचा रंग गडद जांभळा, चव उग्र आणि आंबट असते, साल जाड असते आणि बोटाने दाबले की गरापासून सुटून येते. म्हणूनच त्या कृतीत ‘साली वेगळ्या काढून शिजवा’ असे लिहिले होते. थॉमसनच्या मण्यांची साल गराला घट्ट धरून असते, ती निघेना, तेव्हा मी ते वाक्य निरर्थक समजून सोडून दिले. खरे तर हे फळ ते नव्हे, हे सांगणारी कृतीतली तीच पहिली खूण होती. आपल्याकडे त्या कुळातली म्हणावी अशी बंगलोर ब्ल्यू ही जात कर्नाटकात पिकते आणि ती रसासाठी वापरतात. नाशिक जिल्ह्यात मुख्यतः खाण्याची द्राक्षे होतात: थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, काळ्यांमध्ये शरद सीडलेस. ती पातळ सालीची, कमी आंबट आणि भरपूर गोड असावीत यासाठीच बागायतदार वर्षभर झटतात. जे गुण त्यांना खाण्यासाठी उत्तम ठरवतात तेच जॅमच्या आड येतात.

१०५ अंश हा आकडा चुकीचा आहे का?

आकडा चुकीचा नाही, पण तो समुद्रसपाटीचा आहे. माझ्या फसण्यातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पाणी १०० अंशांना उकळते हे आपण शाळेत शिकतो. समुद्रसपाटीला ते खरे आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते. ढोबळमानाने दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू १ अंशाने खाली येतो. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे येथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. पहिली खेप फसल्यानंतर मी थर्मामीटर बिघडला असेल अशा समजुतीने तो उकळत्या साध्या पाण्यात धरून पाहिला, तेव्हा आकडा ९८ वरच स्थिर राहिला. थर्मामीटर बरोबर होता.

साखरेचे पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळते, आणि साखरेचे प्रमाण वाढेल तसा हा फरक वाढत जातो. मिश्रणात सुमारे ६५ टक्के साखर झाली की ते साध्या पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा साडेचार ते पाच अंश वर उकळते. मुंबईत हा आकडा १०५च्या आसपास येतो. नाशिकमध्ये तो साडेएकशेदोन ते १०३ येतो. म्हणजे माझा आकडा १०२ नंतर रेंगाळू लागला तेव्हाच मिश्रण तयार होत आले होते, आणि पुढचे दोन-अडीच अंश गाठण्यासाठी मी नको असलेले पाणी उडवत, साखरेचे प्रमाण ७०च्या बरेच पुढे नेत आणि उरलेसुरले पेक्टिन तोडत बसले होते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ९५ ते ९६ अंशांदरम्यान उकळते, त्यामुळे तेथे स्ट्रॉबेरीचा जॅम करणाऱ्याने १०५ची वाट पाहिली तर त्याची अवस्था माझ्यापेक्षाही वाईट होईल.

म्हणून थर्मामीटर वापरायचाच असेल तर त्याच दिवशी, त्याच शेगडीवर, आधी साधे पाणी उकळून त्याचा आकडा टिपून ठेवावा आणि त्यात साडेचार ते पाच मिळवावेत. पुस्तकातला आकडा वापरू नये.

न आळलेला जॅम पुन्हा शिजवला तर चालतो का?

आधी तो कोणत्या प्रकारे पातळ राहिला आहे ते पाहावे. मी ते पाहिले नाही, आणि त्यामुळे निम्म्या फसलेल्या खेपेची पूर्ण नासाडी केली.

एका प्रकारात जॅम पाणचट असतो. ताटलीवर थेंब टाकला तर कडेला पाणी सुटते, आणि बोटाने ओढलेली रेघ लगेच भरून येते. येथे पाणी उडायचे बाकी आहे आणि थोडे आणखी शिजवणे योग्य आहे. दुसऱ्या प्रकारात जॅम चिकट असतो, बोटांमध्ये धरला की तार निघते, वाहतो पण संथपणे वाहतो. येथे साखर पुरेशी किंवा जास्तच झाली आहे आणि उणीव पेक्टिनची आहे. तो पुन्हा शिजवला की अधिक बिघडतो. माझा जॅम दुसऱ्या प्रकारचा होता. मी दुसऱ्या दिवशी तो वीस मिनिटे उकळला, तेव्हा त्याचा गोळीबंद पाक झाला, आणि बरण्या गार झाल्यावर त्यात चमचा उभा राहिला तो निघेना. अशा जॅममध्ये पेक्टिनचे पाणी आणि लिंबाचा रस घालून, आवश्यक तर थोडे गरम पाणीही घालून, फक्त एक जोरदार उकळी देणे हाच मार्ग आहे.

थर्मामीटर नसेल तर जॅम तयार झाल्याचे कसे ओळखावे?

स्टीलची एक ताटली फ्रीझरमध्ये ठेवावी. अंदाज आला की गॅस बारीक करून गार ताटलीवर अर्धा चमचा जॅम टाकावा, एक मिनिट थांबावे आणि बोटाने हलकेच पुढे ढकलावे. पृष्ठभागावर सुरकुती पडली तर जॅम तयार आहे. हे पाहत असताना पातेल्याखालची आच बंद किंवा अगदी मंद ठेवावी, नाहीतर परीक्षा होईपर्यंत पातेल्यातला जॅम पुढे निघून जातो.

माझ्या सासूबाईंनी पहिल्या खेपेच्या वेळी दोनदा सांगितले होते की पाक बघून उतरव. त्या साखरांब्याचा पाक अंगठा आणि तर्जनी यांमध्ये ताणून पाहतात. एकतारी, दोन तारी, गोळीबंद या खुणा साखरेचे प्रमाणच थेट दाखवतात. गाव किती उंचावर आहे याचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. थर्मामीटर मात्र तेच प्रमाण आडमार्गाने, उत्कलनबिंदूवरून सांगतो आणि त्यासाठी हवेचा दाब लक्षात घ्यावा लागतो. त्यांच्या पद्धतीची ही ताकद मला त्या वेळी कळली नव्हती. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: बोटांची परीक्षा साखरेबद्दल सांगते, पेक्टिनबद्दल नाही. जॅमसाठी गार ताटलीची परीक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

फळात पुरेसे पेक्टिन आहे की नाही हे आधी कळू शकते का?

होय. शिजवून गाळलेला एक चमचा रस थंड करून त्यात औषधाच्या दुकानात मिळणारे तीन चमचे स्पिरिट घालावे आणि वाटी हलकेच फिरवून मिनिटभर ठेवावी. एकसंध, चमच्याने उचलता येईल असा गोळा झाला तर पेक्टिन भरपूर आहे. लहान लहान तुकडे झाले तर मध्यम आहे. नुसते तंतू तरंगले किंवा काहीच झाले नाही तर बाहेरून घालावे लागेल. थॉमसनच्या रसात मला थोडे तंतूच दिसले. ही वाटीतली वस्तू विषारी असते. ती चाखू नये, मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये, लगेच ओतून टाकावी आणि वाटी नीट धुवावी.

पेक्टिन विकत आणावे की घरी काढावे?

विकतची पेक्टिन पावडर चालते, पण तिच्या पुड्यांवरची प्रमाणे वेगवेगळी असतात आणि ती काटेकोरपणे पाळावी लागतात. मला घरचे पेक्टिन अधिक आवडले. अर्धवट कच्चे, टणक पेरू अर्धा किलो घेऊन बियांसकट पातळ चिरावेत, बुडतील इतके पाणी घालून अर्धा ते पाऊण तास मंद आचेवर शिजवावेत आणि मलमलच्या कापडात बांधून रात्रभर टांगून ठेवावेत. कापड पिळू नये. पिळल्यास पाणी गढूळ होते. हे पाणी स्पिरिटच्या परीक्षेत घट्ट गोळा देते.

पेरूपेक्षाही कवठ अधिक समर्थ आहे आणि त्याला स्वतःचा आंबटपणाही असतो. महाशिवरात्रीच्या सुमारास ते बाजारात येते, म्हणजे द्राक्षांच्या भर हंगामातच. कवठाने रंग तपकिरी होतो आणि त्याचा वास द्राक्षावर मात करू शकतो, म्हणून ते बेताने घालावे.

बरणीत सापडलेले खडे काचेचे होते का?

नाही, पण ही भीती रास्त होती. माझ्या जावेच्या मुलाच्या दातांखाली कचकन काहीतरी आले आणि तिने योग्य तेच केले: बरणी बाजूला ठेवली आणि मला लगेच कळवले. आपल्या मनात काचेची शंका आली तर आपणही खाणे थांबवावे.

ते खडे टार्टरिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे स्फटिक होते. बेकिंगमध्ये ज्याला क्रीम ऑफ टार्टर म्हणतात तोच हा पदार्थ आणि तो द्राक्षाच्या रसात मुळातच असतो. उकळत्या पाण्यात तो बऱ्यापैकी विरघळतो, गार पाण्यात फारच थोडा. त्यामुळे शिजताना काही दिसत नाही, आणि फ्रीजमध्ये काही दिवस राहिल्यावर टोकदार, चकचकीत कण तळाशी व कडेला जमतात. ते खाण्यास अपायकारक नाहीत, परंतु जिभेला वाळूसारखे लागतात. खडा भरपूर उकळत्या पाण्यात टाकून ढवळला तर काही वेळाने विरघळतो. काच विरघळत नाही. साखरेचा खडा कोमट पाण्यातच झटकन विरघळतो, यावरून तोही वेगळा ओळखता येतो.

हे टाळण्याचा उपाय सोपा आहे. गाळलेला रस साखर घालण्यापूर्वीच एक-दोन रात्री फ्रीजमध्ये ठेवावा, स्फटिक तळाशी बसू द्यावेत आणि वरचा रस न हलवता ओतून घ्यावा. वाईन बाटलीत भरण्यापूर्वी वायनरीत ती थंड करून ठेवतात, तेव्हा हेच स्फटिक खाली बसवले जातात. नाशिकमध्ये राहून मला ही गोष्ट जॅम फसल्यावर समजली.

जमलेल्या खेपेची कृती काय आहे?

दीड किलो मणी धुऊन त्यांतले वाटीभर बाजूला काढावेत. उरलेले कुस्करून अर्धी वाटी पाण्यात वीस मिनिटे शिजवावेत आणि गाळून घ्यावेत. साधारण ९०० मिलिलिटर रस निघतो. तो दोन रात्री फ्रीजमध्ये ठेवून वरचा ओतून घ्यावा. तळाचा गाळ टाकून द्यावा. पातेल्यात हा रस, पेरूचे ३०० मिलिलिटर पाणी, दोन मोठ्या लिंबांचा रस आणि वाटीभर मण्यांच्या पातळ चकत्या घालून दहा-पंधरा मिनिटे उकळावे. मग ८०० ग्रॅम साखर घालावी, आच मंद ठेवून ती पूर्ण विरघळू द्यावी, आणि त्यानंतरच आच मोठी करावी. मिश्रण फार वर येते, म्हणून पातेले तिप्पट मोठे असावे आणि लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावे. उकळत्या साखरेचा शिंतोडा त्वचेला चिकटून खोल भाजतो. माझ्या शेगडीवर आकडा १०३ झाला तेव्हा ताटलीवर सुरकुती पडली. गॅस बंद करून वरचा फेस काढावा, पाच-सात मिनिटे थांबावे म्हणजे चकत्या वर तरंगणार नाहीत, आणि कोरड्या, गरम बरण्यांत भरावे. दीड किलोच्या आसपास जॅम होतो.

साखर कमी करता येईल का? गूळ चालेल का?

साखर निम्मी केल्यास या पद्धतीने जॅम आळणार नाही आणि टिकणारही नाही. कमी साखरेवर आळणारे वेगळ्या प्रकारचे पेक्टिन मिळते, त्याची कृती निराळी आहे. गुळाने द्राक्षाचा नाजूक वास पूर्णपणे झाकला जातो. गूळ कैरीच्या गुळांब्याला शोभतो, येथे नको.

भांडे कोणते घ्यावे?

जाड बुडाचे, रुंद तोंडाचे स्टीलचे पातेले सर्वांत सोयीचे आहे, कारण रुंद भांड्यातून पाणी लवकर उडते आणि शिजवण्याचा वेळ वाचतो. भांडी बाजारातून आणलेले माझे पितळी पातेले मला फार प्रिय आहे, पण त्याची कल्हई उडालेली असेल तर त्यात आंबट फळ शिजवू नये. ॲल्युमिनियमही टाळावे.

फसलेल्या जॅमचे काय केले?

पुन्हा न शिजवलेला, चिकट पाकासारखा राहिलेला जॅम गार पाण्यात लिंबू आणि चिमूटभर सैंधव घालून सरबतासाठी उत्तम ठरला; एप्रिलभर आम्ही तो प्यायलो. खडे निघालेल्या बरण्या गरम पाण्यात उभ्या ठेवून जेली पातळ केली, मलमलमधून गाळली, आणि ती आले, लाल तिखट व मीठ घालून चटणीसारखी वापरली. दगड झालेल्या बरण्यांपैकी दोन गरम पाण्यात तासभर ठेवल्यावर सुटल्या. तिसरीतला पाक जळका लागत होता, तो टाकून दिला. जळका वास कोणत्याही मसाल्याने झाकला जात नाही, म्हणून तसा प्रयत्न करू नये.

वर बुरशी आली तर तेवढाच थर काढून उरलेला जॅम वापरावा का?

वापरू नये. वर दिसते तेवढीच बुरशी नसते. पूर्ण बरणी टाकून द्यावी. बुरशी बहुधा ओल्या चमच्यामुळे, ओल्या बरणीमुळे किंवा कमी साखरेमुळे येते. बरण्या दहा-बारा मिनिटे पाण्यात उकळून, उपड्या ठेवून पूर्ण वाळवाव्यात आणि उघडलेली बरणी फ्रीजमध्ये ठेवावी.

जॅम आळला की नाही हे भरल्यावर किती वेळाने ठरवावे?

किमान २४ तास थांबावे. पेक्टिनचे जाळे गार होताना सावकाश बनते आणि बरणी सारखी हलवली तर ते मोडते. जमलेल्या खेपेच्या बरण्या पहिल्या संध्याकाळी मला पातळच वाटल्या होत्या आणि मी पातेले पुन्हा शेगडीवर चढवणार होते. सासूबाईंनी बरण्या उचलून फडताळात ठेवल्या आणि उद्या सकाळपर्यंत हात लावू नकोस, असे सांगितले. सकाळी पहिली बरणी आडवी केली, तेव्हा जॅम जागचा हलला नाही.